डिफर्ड म्हणजे हो की नाही?

(ऑडिओ भागाचं लेखी रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

मागे जो फटफट आवाज येतोय ना, तो बोटीच्या इंजिनाचा आहे. एडिट करून काढता आला असता, पण राहू दे. सुट्टीला गावी आलोय, मणिबेलीला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नंदुरबार जिल्हा, अक्कलकुवा तालुका, नर्मदेच्या काठावर. विधानसभेचा मतदारसंघ क्रमांक एक अक्कलकुवा, आणि त्यातलं पहिलं मतदान केंद्र आमचं. पहिला नंबर आम्हाला बहुतेक तिथेच मिळतो.

आजचा विषय एका व्हॉइस मेसेजवरून घेतलाय. नाशिकची एक मुलगी, बारावीत आहे. तिने अमेरिकेतल्या एका कॉलेजला अर्ली डिसिजनमध्ये अर्ज केला होता. मागच्या आठवड्यात निकाल आला: डिफर्ड. ती म्हणते, "दादा, नापास झाले असते तर रडून मोकळी झाले असते. हे काय आहे तेच कळत नाहीये. घरी काय सांगू?"

मला हा मेसेज ऐकून एकदम माझी बारावी आठवली. मी अमेरिकेला वगैरे अर्ज केला नव्हता, आपल्याच देशातल्या एका खासगी विद्यापीठाला केला होता. त्यांचीही आधीची फेरी आणि नंतरची फेरी असते. जानेवारीत ईमेल आला. तेव्हा गावात रेंज म्हणजे टेकडीवर चढायचं आणि गुजरातच्या टॉवरकडे तोंड करून उभं राहायचं. ईमेल उघडला, तीन वेळा वाचला. इंग्रजी इतकं गोड होतं की हो म्हणालेत की नाही हेच कळेना. "आपला अर्ज पुढील फेरीतील अर्जांसोबत पुन्हा विचारात घेतला जाईल." खाली आलो. आईने विचारलं, झालं का? मी म्हटलं, अजून बघतायत. ती म्हणाली, मग इतका वेळ वर काय करत होतास?

तर आधी ही भानगड समजून घेऊ.

अमेरिकेत बऱ्याच कॉलेजांना दोन वेळा अर्ज करता येतो. अर्ली, म्हणजे साधारण १ किंवा १५ नोव्हेंबरपर्यंत, आणि रेग्युलर, म्हणजे जानेवारीच्या सुरुवातीला. अर्लीमध्येही दोन प्रकार आहेत. अर्ली डिसिजन म्हणजे शब्द देणं: तुम्ही घेतलंत तर मी येणारच, बाकीचे अर्ज मागे घेणार. अर्ली अ‍ॅक्शनमध्ये असं बंधन नसतं, फक्त निकाल लवकर कळतो. निकाल डिसेंबरच्या मध्याला लागतो आणि तिथे तीन उत्तरं असतात. हो, नाही, आणि तिसरं हे डिफर्ड. म्हणजे तुमची फाइल बंद केली नाही, उचलून जानेवारीच्या गठ्ठ्यात ठेवली. आता सगळ्यांसोबत परत वाचणार आणि मार्चच्या शेवटी सांगणार.

वेटलिस्ट वेगळी, हां. यात खूप जण गोंधळतात. वेटलिस्ट म्हणजे शेवटचा निर्णय झाला, जागा भरल्या, कोणी सोडली तर तुम्हाला बोलावू. डिफर्डमध्ये निर्णयच झालेला नाही. आणि एक महत्त्वाची गोष्ट, जी नाशिकच्या मुलीला बहुतेक लक्षात आलेली नाही: अर्ली डिसिजनमधून डिफर झालात की तो दिलेला शब्द सुटतो. तू आता मोकळी आहेस. मार्चमध्ये त्यांनी हो म्हटलं तरी जायलाच पाहिजे असं नाही. काही कॉलेजांत अर्ली डिसिजनची दुसरी फेरीही असते, ती दुसऱ्या एखाद्या कॉलेजला वापरता येते. पण तिथे परत शब्द द्यावा लागतो, म्हणून रागाच्या भरात नको.

आपल्याकडे याच्या जवळचं काय आहे? लोक लगेच कॅप राउंडचं नाव घेतात. पण कॅपमध्ये किंवा जोसामध्ये तुमच्या हातात एक सीट असते. जोसात फ्लोट केलं तर मिळालेली जागा धरून ठेवून वरच्या पसंतीची वाट बघता येते. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला २०२५-२६ पासून चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर ते घ्यावंच लागतं, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनांपैकी मिळालं तर, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी मिळालं तर. म्हणजे तिथे वाट बघण्याला नियम आहे आणि पायाखाली फळी आहे. डिफर्डमध्ये फळी नसते. ती आपली आपण टाकायची असते.

आता कॉलेजं असं करतात तरी का? त्यांना नोव्हेंबरमध्ये माहीत नसतं की जानेवारीत किती आणि कसे अर्ज येणार. कधी तुमच्या बारावीच्या पहिल्या सहामाहीचे मार्क बघायचे असतात. आणि कधी, खरं सांगतो, नाही म्हणणं जड जातं म्हणून. प्रत्येक कॉलेजची सवय वेगळी आहे. स्टॅनफर्ड अर्लीमध्ये शक्यतो हो किंवा नाही सांगून टाकतं, फार थोड्यांना डिफर करतं. जॉर्जटाऊनची कित्येक वर्षं उलटी पद्धत होती, अर्लीमध्ये ज्यांना घेतलं नाही त्या सगळ्यांना डिफर करायचे. म्हणजे एकाच शब्दाचं वजन दोन ठिकाणी वेगळं. त्यामुळे आधी तुमच्या कॉलेजची सवय शोधा आणि मग किती आशा ठेवायची ते ठरवा. कडू गोष्ट पण ऐका: निवडक कॉलेजांत डिफर झालेल्या बहुतेकांना शेवटी नाहीच येतं. सगळ्यांना नाही. पण बहुतेकांना.

माझंही नाहीच आलं. हे आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही शेवटपर्यंत फिल्मी एंडिंगची वाट बघाल.

पण मधल्या चार महिन्यांत मी जे केलं त्यातलं निम्मं चुकीचं होतं, ते सांगायला हा भाग करतोय.

पहिली चूक. त्याच रात्री मी ईमेल लिहायला घेतला. दोन पानं. तुमचं विद्यापीठ किती महान आहे, मी किती गरीब आहे, आणि माझं गाव किती मोठं आहे. गावाचं तर मी भरभरून लिहिलं. सरदार सरोवरात महाराष्ट्रातलं सगळ्यात आधी बुडालेलं गाव. १९९४ साली जगभरातल्या संघटनांनी मोठ्या धरणांच्या कर्जाबद्दल वर्ल्ड बँकेला जाहीरनामा दिला, त्याला मणिबेलीचं नाव आहे. शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ पाण्याखाली गेलं. सगळं खरं. आमच्या हॉस्टेलच्या सरांनी वाचलं आणि एकच विचारलं, "हे गावाचं झालं. तुझं काय? आणि नोव्हेंबरनंतरचं नवीन काय?"

मला राग आला. दोन दिवस सरांशी बोललो नाही.

पण मंडळी, डिफर झाल्यावर जे पत्र पाठवतात त्याची सगळी किल्ली या प्रश्नात आहे. त्यांच्याकडे तुमचा निबंध आहे, मार्क आहेत, शिफारसपत्रं आहेत. तेच परत नको. अर्ज केल्यापासून आजपर्यंत काय घडलं, तेवढंच लिहायचं. एक पान, त्याहून कमीच बरं. हे कॉलेज खरंच पहिली पसंती असेल तर तसं स्पष्ट लिहा, पण एकाच कॉलेजला. आणि पाठवायच्या आधी त्यांचं पोर्टल नीट वाचा. काही ठिकाणी त्यासाठी वेगळा फॉर्म असतो, काही ठिकाणी चक्क सांगतात की काही पाठवू नका. नको म्हटलं असेल तर नको. दर आठवड्याला ईमेल टाकणाऱ्याची आठवण राहते, पण चांगली नाही.

मी मग नवीन काय ते शोधत बसलो. काही नव्हतंच! पुरस्कार नाही, स्पर्धा नाही. शेवटी सुट्टीत जीवनशाळेतल्या पोरांना गणित शिकवत होतो, ते आठवलं. बोटीतून बाजाराला जायला-यायला लागणाऱ्या डिझेलवर आम्ही तोंडी हिशेब करायचो. कोणाच्या घरून किती पैसे, किती फेऱ्या, एकाला कितीला पडलं. ते बारा ओळींत लिहिलं आणि सरांनी मान डोलावली. उत्तर आलं नाही. पण ते पत्र मी नंतर दुसऱ्या दोन अर्जांना वापरलं, आणि त्यातला एक लागला.

मार्कांचा मुद्दा आपल्या बोर्डाच्या पोरांना जास्त नडतो. तिकडच्या कॉलेजला हिवाळ्यात सहामाही मार्क हवे असतात आणि आपला बारावीचा निकाल येतो मे महिन्यात. मग द्यायचं काय? पहिली सहामाही आणि प्रिलिम. ते मार्क कॉलेजच्या लेटरहेडवर, प्राचार्यांच्या सही-शिक्क्यानिशी घ्या, आणि जमलं तर शाळेकडूनच पाठवा. आश्रमशाळेत किंवा छोट्या ज्युनिअर कॉलेजात असाल तर आधी समजावून सांगावं लागेल की हे कशाला पाहिजे. दोन खेपा धरून चला. आणि एक लक्षात ठेवा, २०२५ मध्ये बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारीलाच सुरू झाली होती. म्हणजे पत्रापत्रीचा जो काही उद्योग आहे तो जानेवारीत उरकायचा. फेब्रुवारी बोर्डाचा.

पैशाचं बोलू. हे कोणी उघड बोलत नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट अशी थोडी कॉलेजं परदेशी विद्यार्थ्याला घेताना त्याची ऐपत बघत नाहीत. बाकी बहुतेक बघतात. त्यामुळे डिफर झालं की घरात एक आवाज येतो: मदत मागितली म्हणूनच अडलं, ती मागणी काढून टाक. नका काढू. बऱ्याच कॉलेजांत प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नाही तर नंतर मिळत नाही. मग हो आलं आणि फी भरता आली नाही, तर ते हो घेऊन काय करणार? त्यापेक्षा मदतीच्या फॉर्ममधले उत्पन्नाचे कागद पूर्ण आहेत का ते बघा.

तशीच कागदांची दुसरी बाजू इथली. मी त्या चार महिन्यांत ईमेल उघडून बघण्यात जेवढा वेळ घालवला, तेवढ्यात जात पडताळणीची फाइल पुढे सरकली असती. नंदुरबारलाच समिती आहे, पण वंशावळ, आजोबांचा जुना पुरावा, शाळा सोडल्याचा दाखला, हे जमवायला वेळ लागतो. आमच्यासारख्या गावांत तर घरं हललेली, कागद भिजलेले. मी ते जूनमध्ये सुरू केलं. त्यामुळे एका चांगल्या कोर्सची जागा माझ्या हातून गेली. विद्यापीठाच्या नकारापेक्षा मला ती जास्त लागली, कारण ती माझी स्वतःची चूक होती.

आता घरी काय सांगायचं. माझे वडील फार बोलत नाहीत. मी तेव्हा आठवडाभर टेकडीवर चढ-उतर करत होतो, ते त्यांनी बघितलं. एका संध्याकाळी म्हणाले, कोर्टाने १९९५ ला धरणाचं काम थांबवलं. आम्हाला वाटलं, जिंकलो. कोणी म्हणायचं परत सुरू होणार, कोणी म्हणायचं नाही होणार. ऑक्टोबर २००० मध्ये निकाल लागला, काम परत सुरू झालं. मी विचारलं, मग मधली पाच वर्षं तुम्ही काय केलं? ते म्हणाले, काय करणार? पेरलं. पाऊस तर दरवर्षी येत होता.

मला नाही वाटत त्यांना काही उपदेश करायचा होता. त्यांना एवढंच म्हणायचं होतं की उद्या कुंपणाला माणूस कमी आहे, तू ये.

तर नाशिकच्या ताई, घरी तीन वाक्यांत सांग. नाही म्हटलेलं नाही. मार्चच्या शेवटी कळेल. तोपर्यंत मी आणखी अर्ज करतेय आणि बोर्डाचा अभ्यास करतेय. नातेवाइकांना यातलं पहिलं वाक्यसुद्धा सांगायची गरज नाही. कॉलेज ठरलं का विचारलं तर म्हणायचं, निकाल एप्रिलमध्ये. आणि ते पोर्टलचं नोटिफिकेशन बंद कर. खरंच कर. निर्णयाची तारीख ते आधी कळवतात, मधे रोज बघून काही मिळत नाही. मी बघितलंय, टेकडी चढून.

तू मेसेजमध्ये म्हणालीस की आणखी दोन कॉलेजांची तारीख १ आणि ५ जानेवारी आहे आणि निबंध अर्धवट पडलेत, कारण "इथेच होईल असं वाटलं होतं". आज २१ डिसेंबर. डिफर्डचं पत्र बाजूला ठेव, ते जानेवारीच्या मध्यापर्यंत गेलं तरी चालतं, त्यांनी तारीख दिली नसेल तर. आधी १ तारखेचा निबंध. मला शुक्रवारपर्यंत पाठव. शनिवारी सकाळी वर जाऊन डाउनलोड करतो आणि वाचून रात्री व्हॉइस मेसेज टाकतो. आवाज तुटक आला तर समजून घे, वारा असतो तिथे.