बल्ब घेताना वॅट नाही, लुमेन बघा!

इंझोरीकर मंडळी, दुकानात गेलं की आपण सवयीनं विचारतो, "किती वॅटचा?" पण वॅट म्हणजे वीज किती खाणार ते. उजेड किती पडणार ते सांगतात लुमेन! 9 वॅटचे दोन बल्ब शेजारी ठेवून खोक्यावरचं बारीक अक्षर वाचा. एकावर 800 लुमेन असेल, तर दुसऱ्यावर 900. भाव सारखा असेल तर 900 वालाच घ्या.

हिशेब सोपा आहे. 60 वॅटचा जुना पिवळा बल्ब रोज 5 तास लावला तर महिन्याला 9 युनिट. त्याजागी 9 वॅटचा एलईडी लावला तर दीड युनिटही नाही. 2015 साली केंद्राची उजाला योजना सुरू झाली ती याच बचतीसाठी.

आपल्याकडे खरा घात करतं ते वरखाली होणारं व्होल्टेज. एलईडीचे दिवे तसे टिकतात, पण आतलं सर्किट आधी जळतं. म्हणून खोक्यावर व्होल्टेजची रेंज नक्की बघा; 100 ते 300 लिहिलेला बल्ब गावासाठी उत्तम. सोबत बीईईचे वीजबचतीचे स्टार आणि बीआयएसची नोंदणी खूणही तपासा. पूर्ण बंद काचेच्या झुंबरात साधा बल्ब लावू नका, उष्णता कोंडून तो लवकर जातो.

मुलांच्या अभ्यासाला पांढरा उजेड, झोपायच्या खोलीत 2700 ते 3000 केल्विनचा पिवळसर. आणि पक्कं बिल घ्या, त्याशिवाय वॉरंटीत बदलून मिळणं अवघड!