उलट कोरावे, सुलट उमटावे

जपानमध्ये 1 जानेवारी हा वर्षातील सर्वांत मोठ्या सणाचा दिवस मानला जातो. त्या दिवशी शाळा आणि कचेऱ्या बंद असतात. टपालवाल्याला मात्र तो दिवस विश्रांतीचा नसतो. सकाळपासून तो दारोदार हिंडून प्रत्येक घरी पत्रांचा एकेक जुडगा पोचवीत असतो. त्यात नातलग, गुरुजन, शेजारी, वर्गमित्र अशा सर्वांची शुभेच्छापत्रे असतात. या पत्रांना जपानी भाषेत ‘नेंगाजो’ म्हणतात.

पूर्वी नववर्षाच्या आरंभी आप्तेष्टांच्या घरी स्वतः जाऊन वंदन करण्याची रीत जपानमध्ये होती. जे दूर राहत त्यांना पत्र लिहावे लागे. 1873 साली तेथील टपालखात्याने साधी कार्डे विकावयास काढली आणि थोड्या खर्चात दूरच्या माणसाला वंदन पाठविणे सर्वांना शक्य झाले. पुढे 1899 पासून या पत्रांची खास व्यवस्था होऊ लागली. आज 15 डिसेंबरपासून ही पत्रे टपालात घेतली जातात. आणि 25 डिसेंबरपर्यंत टाकलेली पत्रे निरनिराळ्या दिवशी पाठविलेली असली, तरी 1 जानेवारीलाच हाती पडतात.

या पत्रांवर बहुधा एखाद्या प्राण्याचे चित्र असते. जपानी परंपरेत बारा वर्षांचे एक चक्र मानले असून त्यातील प्रत्येक वर्षाला एक प्राणी नेमून दिला आहे. उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, मेंढी, माकड, कोंबडा, कुत्रा आणि रानडुक्कर असा त्यांचा क्रम आहे. 2024 हे ड्रॅगनचे, 2025 हे सापाचे आणि 2026 हे घोड्याचे वर्ष. आता तीस-चाळीस पत्रे पाठवावयाची, तर तितके घोडे हाताने कसे काढावयाचे? या अडचणीतून जी युक्ती निघाली, ती म्हणजे ठसा. एकदा मन लावून कोरावे आणि हवे तितक्या वेळा उमटवावे.

घरगुती ठशांमध्ये रताळ्याचा ठसा सर्वांत सोपा. शरद ऋतूत रताळी खणून काढतात, म्हणून नववर्षाच्या तयारीच्या वेळी ती घरात असतातच. प्रथम रताळे धुऊन त्याचा एकाच सरळ कापाने आडवा तुकडा करतात. कारण पृष्ठभाग सपाट नसेल, तर ठसा अर्धवट उमटतो. कापलेल्या भागाला सुटणारे पाणी फडक्याने टिपून घेतात. मग चित्राची रेषा सोडून भोवतालचा भाग सुरीच्या टोकाने थोडा खोल काढून टाकतात. जो भाग उंच राहिला, तोच रंग घेतो आणि तोच उमटतो. कोरताना सुरी रेषेपासून बाहेरच्या बाजूला तिरपी धरावी लागते. ती आतल्या बाजूला वळली, तर रेषेखालचा आधार जातो आणि दाब पडताच कड तुटते. शेवटी ठशाला रंग लावून तो कार्डावर सरळ दाबावयाचा आणि न हलविता सरळ उचलावयाचा. रताळे लवकर सुकते व आक्रसते. म्हणून हे काम ज्या दिवशी कोरले त्याच दिवशी पुरे करावे लागते.

ठसा कोरताना नवशिक्याची हमखास फसगत होते ती दिशेच्या बाबतीत. ठशावर जे उजवीकडे असते, ते कागदावर डावीकडे येते. सूर्य, फूल किंवा पणती कोरताना हा भेद जाणवत नाही, परंतु अक्षरे कोरताना तो लगेच उघडा पडतो. ‘शुभ’ हा शब्द सरळ कोरला, तर कागदावर तो आरशातल्यासारखा उलटा दिसतो. यावर एक साधा उपाय आहे. पातळ कागदावर मऊ पेन्सिलीने शब्द सरळ लिहावा, तो कागद ठशाच्या पृष्ठभागावर पालथा घालावा आणि मागून घासावा. अक्षरे ठशावर आपोआप उलटी उतरतात. त्यांवरून कोरले, की कागदावर ती सुलटी उमटतात.

रताळ्याचा ठसा एका दिवसाचा सोबती, तर रबराचा ठसा अनेक वर्षांचा. रबराच्या झाडाचा चीक पेन्सिलीची रेघ पुसतो, ही गोष्ट जोसेफ प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने 1770 साली नोंदविली होती. पण हे कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होई आणि थंडीत कडक होऊन तडके. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन संशोधकाला 1839 साली असे आढळले, की रबरात गंधक मिसळून ते तापविले असता हे दोन्ही दोष जातात. रबर लवचीकही राहू लागले आणि टिकाऊही झाले. त्यानंतर 1860 नंतरच्या दशकात अमेरिकेत रबरी शिक्के बनू लागले व लवकरच कचेऱ्यांतून रुळले. जपानमधील मुलांनी व मोठ्यांनी याच गुणाचा वेगळा उपयोग केला. साधा खोडरबर घेऊन त्यावर ते बारीक चित्रे कोरतात. खोडरबर मऊ असल्याने सुरी सहज फिरते, आणि तो सुकत नसल्याने ठसा जपून ठेवता येतो.

असे ठसे केवळ नववर्षापुरते नसतात. जुलै-ऑगस्टच्या कडक उन्हाळ्यातही जपानी लोक एकमेकांची खुशाली विचारणारी कार्डे धाडतात. तेव्हा कार्डावर कलिंगडाची फोड, सोनेरी मासा किंवा वाऱ्याने किणकिणणारी घंटा उमटते. ऋतू बदलला, की ठसा बदलतो. कलिंगडाच्या फोडीला तीन ठसे लागतात: हिरवी साल, तांबडा गर आणि काळ्या बिया. फिकट रंगाचा ठसा आधी व गडद रंगाचा मागाहून मारला, म्हणजे रंग मळत नाहीत.

या लहानशा कार्डाचे मोल जपानी माणसांना एका कठीण काळात विशेष उमगले. युद्धामुळे 1940 साली या पत्रांची खास व्यवस्था बंद करण्यात आली. 1945 साली युद्ध संपले तेव्हा कित्येक शहरे जळून गेली होती आणि लोक देशोधडीला लागले होते. कोण कोठे आहे, कोण वाचले आहे, हेही ठाऊक नव्हते. 1948 साली ही व्यवस्था पुन्हा सुरू झाली. नववर्षाचे पत्र पुन्हा घरोघर जाऊ लागले, तर लोकांना एकमेकांची खुशाली कळेल, असा विचार करून एका सामान्य नागरिकाने टपालखात्याला एक कल्पना सुचविली: कार्डांवर क्रमांक छापावेत आणि सोडत काढून बक्षिसे द्यावीत. ती मान्य होऊन 1949 च्या डिसेंबरात अशी कार्डे विक्रीस आली. सर्वांत मोठे बक्षीस शिवणयंत्राचे होते. शाळकरी मुलांसाठी छत्र्याही होत्या. त्या टंचाईच्या दिवसांत या वस्तूंचे अप्रूप होतेच. परंतु ‘आम्ही येथे आहोत, सुखरूप आहोत’ हा निरोप त्याहून मोठा होता.

या रीतीला आणखी एक नाजूक बाजू आहे. ज्या घरात त्या वर्षी कोणी निवर्तले असेल, ते कुटुंब नववर्षाचे पत्र पाठवीत नाही. ते डिसेंबरच्या आरंभापर्यंत एक साधे, रंगहीन कार्ड धाडून आपले दुःख कळविते. ते वाचून इतर लोक आनंदाचा ठसा त्या घरी पाठवीत नाहीत; सणाचे दिवस सरल्यावर थंडीच्या निमित्ताने दोन शब्द लिहून विचारपूस करतात. आपल्याकडेही दुःख झालेल्या घरी वर्षभर सण साजरा करीत नाहीत. शुभेच्छा कोणाला द्यावी याइतकेच कोणाला देऊ नये, हेही जाणावे लागते.

अलीकडे दूरध्वनीवरून क्षणात निरोप जातो आणि टपालाचा खर्चही वाढला आहे. 2004 च्या नववर्षासाठी जपानमध्ये सुमारे 445 कोटी कार्डे काढण्यात आली होती; 2025 साठी ती संख्या सुमारे 107 कोटींवर आली. तरीही पुष्कळ लोक ठसा मारलेल्या कार्डाच्या कोपऱ्यात एखादी ओळ स्वहस्ताने लिहितात. ठसा सर्वांसाठी एकच असतो. ती ओळ मात्र प्रत्येकासाठी निराळी असते. कार्डाला जिवंतपणा येतो तो त्या ओळीमुळे.

महाराष्ट्रातील मुलांना ही कला परकी वाटण्याचे कारण नाही. उंबऱ्याशी रांगोळीचे छाप उमटविणारे हात येथेही आहेत, आणि भेंडी आडवी कापून रंगात बुडविली, की सुंदर फूल उमटते हे येथील पुष्कळ मुलांना ठाऊक आहे. दिवाळीला पणती, संक्रांतीला पतंग, पाडव्याला गुढी, पावसाळ्यात छत्री असे किती तरी ठसे बटाट्यावर किंवा खोडरबरावर कोरता येतील. कोरताना वडीलधारे माणूस जवळ असावे आणि सुरीची धार नेहमी आधार देणाऱ्या हातापासून दूर वळलेली असावी. गावी राहणाऱ्या आजीला, शाळा सोडून गेलेल्या मित्राला, बदली झालेल्या गुरुजींना असे कार्ड धाडून पाहावे. त्यावरील रेघ किंचित वाकडी असली, एखादा कोपरा फिकट उमटला, तरी बिघडत नाही. कागदावरचा ठसा कालांतराने पुसट होईल. पण कोणीतरी आपल्यासाठी बसून तो कोरला, ही जाणीव वाचणाऱ्याच्या मनावर कायमची ठसेल.