डेटाबेस कनेक्शन पूलमधील बिघाड : निदान आणि अध्यापन

प्रस्तावना

उज्जैनमधील एखाद्या महाविद्यालयाचे कार्यालय उदाहरणादाखल डोळ्यांसमोर आणावे. परीक्षा शुल्क भरण्याचा शेवटचा दिवस आहे. नागदा, महिदपूर, तराना येथून सकाळच्या बसने आलेले विद्यार्थी खिडकीपुढे उभे आहेत. आत आठ संगणकांवर एकच डेस्कटॉप सॉफ्टवेअर चालते आणि सर्व नोंदी एका सर्व्हरवरील डेटाबेसमध्ये जातात. साडेअकराच्या सुमारास तिसऱ्या खिडकीवरील संगणक अडकतो. पंधरा सेकंद काहीच हालत नाही आणि मग पडद्यावर 'सर्व्हर उपलब्ध नाही' अशी सूचना येते. शेजारच्या खिडकीवर मात्र काम सुरळीत चालू असते. लिपिक सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा सुरू करतात, काम चालू लागते आणि तासाभराने पुन्हा तेच घडते. अखेर संगणक विभागातील अध्यापकाला बोलावणे येते.

असे बोलावणे आपल्यापैकी अनेकांना आले असेल. अशा वेळी 'पूलचा आकार वाढवा' किंवा 'सर्व्हर पुन्हा सुरू करा' हे दोन उपाय सर्वांत आधी सुचवले जातात. या दोन्हींनी बिघाड बहुधा पुढे ढकलला जातो, दूर होत नाही. प्रस्तुत लेखात या बिघाडाचे स्वरूप, त्याच्या निदानाचा क्रम आणि वर्गात करून दाखवता येईल असा एक प्रयोग यांचा विचार केला आहे.

पूल म्हणजे काय?

पूर्वी गावोगावी तासाच्या भाड्याने सायकली मिळत. दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवी सायकल विकत घेत नसे. एकाने परत केलेली सायकल तो दुसऱ्याला देई. डेटाबेसशी नवे कनेक्शन जोडणे हेही खर्चिक काम आहे. नेटवर्कवर संपर्क साधणे, नाव व पासवर्ड तपासणे, सर्व्हरने स्मृती राखून ठेवणे अशा अनेक पायऱ्या त्यात असतात. म्हणून प्रोग्रामने कनेक्शन 'बंद' केले तरी ड्रायव्हर ते तोडत नाही. तो ते पूलमध्ये ठेवतो आणि पुढच्या मागणीला तेच देतो.

दुकानात दहा सायकली असतील आणि दहाही गिऱ्हाइकांनी त्या परत केल्या नाहीत, तर अकराव्याला थांबावे लागते. एडीओ डॉट नेटमध्ये एसक्यूएल सर्व्हरसाठी पूलची कमाल मर्यादा मुळात १०० कनेक्शन्स आणि थांबण्याची मुदत १५ सेकंद असते. वरील उदाहरणातील पंधरा सेकंदांची शांतता ती हीच.

येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवणे आवश्यक आहे. पूल सर्व्हरवर नसतो. तो सॉफ्टवेअर ज्या संगणकावर चालते तेथे, त्या प्रक्रियेच्या आत असतो. वेब अनुप्रयोगात शेकडो वापरकर्ते वेब सर्व्हरवरील एकच पूल वापरू शकतात. डेस्कटॉप सॉफ्टवेअरमध्ये मात्र प्रत्येक संगणकाचा पूल वेगळा असतो. आठ संगणकांवर प्रत्येकी १०० ची मर्यादा असेल, तर सर्व्हरकडे एकूण ८०० कनेक्शन्सची मागणी होऊ शकते. मायएसक्यूएलची मूळ मर्यादा १५१ आणि पोस्टग्रेएसक्यूएलची १०० आहे, हे लक्षात घेतले म्हणजे नुसता आकडा वाढवण्यातील धोका कळतो.

बिघाडाचे प्रकार

पहिला प्रकार गळतीचा. प्रोग्रामने कनेक्शन उघडले, मध्येच चूक उद्भवली आणि ते बंद करणारी ओळ कधी चाललीच नाही. अशी एकेक कनेक्शन्स अडकत जातात आणि पूल रिकामा होतो. एकच संगणक अडकणे आणि सॉफ्टवेअर पुन्हा सुरू केल्यावर तो चालू लागणे ही याची खूण होय. डॉट नेटमधील स्मृतिसफाईची यंत्रणा अशी सोडून दिलेली कनेक्शन्स कधीकधी परत मिळवते. त्यामुळे हा बिघाड लहरी वाटतो. चाचणीत तो दिसत नाही आणि गर्दीच्या दिवशी हटकून दिसतो.

दुसरा प्रकार अडवून ठेवण्याचा असून तो डेस्कटॉप सॉफ्टवेअरमध्ये विशेष आढळतो. प्रोग्राम व्यवहार सुरू करतो, शुल्काची नोंद करतो आणि व्यवहार पूर्ण करण्यापूर्वीच 'पावती छापायची का?' असा प्रश्न पडद्यावर आणतो. लिपिक त्याच वेळी चहाला उठले, तर ते येईपर्यंत कनेक्शन अडकून राहते आणि त्या नोंदींवरील कुलूपही कायम राहते. परिणामी अन्य खिडक्यांवरील कामेही रखडतात. येथे लिपिकाचा दोष नाही. माणसाच्या उत्तराची वाट पाहताना व्यवहार उघडा ठेवणे हा रचनेचा दोष आहे.

तिसरा प्रकार सर्व्हरने नकार देण्याचा. सर्व संगणकांची मिळून कनेक्शन्स सर्व्हरच्या मर्यादेला भिडतात. चालू कामे चालू राहतात, पण नवे कनेक्शन कोणालाच मिळत नाही. मायएसक्यूएलमध्ये याचा चूक क्रमांक १०४० आहे.

चौथा प्रकार मृत कनेक्शनचा. काही सॉफ्टवेअर सकाळी उघडलेले कनेक्शन दिवसभर, कधी रात्रभरही तसेच धरून ठेवतात. मायएसक्यूएल साधारणतः २८,८०० सेकंद, म्हणजे आठ तास, निष्क्रिय राहिलेले कनेक्शन स्वतः तोडते. वीज जाऊन सर्व्हर बंद पडला तरी परिणाम तोच. दुसऱ्या दिवशीची पहिलीच क्रिया फसते. काही ड्रायव्हर कनेक्शन देण्यापूर्वी ते जिवंत आहे का हे तपासतात, काही तपासत नाहीत.

निदानाचा क्रम

१) मूळ सूचना पाहावी. 'सर्व्हर उपलब्ध नाही' हे वाक्य बहुधा प्रोग्राम लिहिणाऱ्याचे असते आणि त्यामागे खरी सूचना झाकली जाते. ती वेळेसह फाइलमध्ये नोंदवण्याची सोय करावी. मुदत संपल्याच्या सूचनाही दोन प्रकारच्या असतात. पूलमधून कनेक्शन न मिळाल्याची मुदत १५ सेकंदांची, तर आज्ञा पूर्ण न झाल्याची मुळात ३० सेकंदांची असते. पहिलीत पूलचा उल्लेख असतो. दुसरी आल्यास संथ क्वेरी किंवा कुलूप शोधावे.

२) एक संगणक अडकला की सर्व, हे विचारावे. एवढ्याने अर्धे निदान होते.

३) सर्व्हरवर पाहावे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये चालू सत्रांची यादी संगणकाच्या नावासह मिळते. मायएसक्यूएलमध्ये 'शो प्रोसेसलिस्ट' ही आज्ञा आहे. पोस्टग्रेएसक्यूएलच्या यादीत व्यवहार उघडा ठेवून स्वस्थ बसलेली कनेक्शन्स वेगळी ओळखता येतात. यादीत निष्क्रिय कनेक्शन दिसणे हा दोष नव्हे, कारण पूलमध्ये थांबलेली कनेक्शन्स तशीच दिसतात. संख्या सतत वाढत जाऊन कमी होत नसेल तर तो दोष समजावा.

४) कोड तपासावा. कनेक्शन जेथे उघडते त्या प्रत्येक ठिकाणी ते 'युझिंग' किंवा 'फायनली' विभागातून परत जाते का, ते पाहावे. डेटा रीडर उघडा राहिला तरी कनेक्शन अडकते.

५) एवढे झाल्यावरच पूलच्या आकड्याला हात लावावा. एका वेळी एकच पावती करणाऱ्या खिडकीला १०० कनेक्शन्स लागत नाहीत. मर्यादा पाच-दहावर आणल्यास गळती लवकर उघडी पडते आणि सर्व्हरही सुरक्षित राहतो.

एक इशारा येथे द्यावासा वाटतो. अडकलेली क्रिया आपोआप पुन्हा करण्याची सोय माहिती वाचताना चालते, शुल्काची नोंद करताना ती घातक ठरते. नोंद सर्व्हरवर झाली, पण उत्तर येण्याआधी कनेक्शन तुटले, असे घडू शकते. मग तीच क्रिया पुन्हा केल्यास विद्यार्थ्याच्या नावावर दोन पावत्या पडतात. म्हणून प्रत्येक व्यवहाराला आधीच एक स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि तो क्रमांक डेटाबेसमध्ये दुसऱ्यांदा नोंदता येऊ नये अशी व्यवस्था ठेवावी.

वर्गातील प्रयोग

या प्रयोगास एक संगणक आणि एसक्यूएल सर्व्हरची मोफत एक्सप्रेस आवृत्ती पुरते. कनेक्शनच्या मजकुरात कमाल पूल ५ ठेवावा. एका आवर्तनात कनेक्शन्स उघडून बंद न करता यादीत साठवावीत. पाच उघडतील आणि सहाव्याला पंधरा सेकंद थांबून चूक येईल. ही प्रतीक्षा विद्यार्थ्यांना घड्याळात मोजायला सांगावी. नंतर तोच प्रोग्राम 'युझिंग'सह लिहून हजार वेळा चालवावा. तो विनाअडथळा पूर्ण होतो. सर्व्हरच्या यादीत त्या प्रोग्रामच्या नावावर तेव्हा एकच सत्र दिसते. एका कनेक्शनने हजार कामे केली, हे विद्यार्थ्यांना स्वतः पाहता येते.

निष्कर्ष

प्रयोगशाळेत विद्यार्थी एकट्याने, एका संगणकावर, दोन मिनिटे प्रोग्राम चालवतो आणि उत्तर बरोबर आले की त्याला गुण मिळतात. कनेक्शन परत केले की नाही हे कोणी विचारत नाही. त्याची किंमत पुढे खिडकीसमोरच्या रांगेतील, परतीची बस चुकणाऱ्या मुलीला मोजावी लागते. म्हणून प्रात्यक्षिकाच्या गुणांत कनेक्शन परत करण्यासाठी वेगळे गुण ठेवावेत, अशी सूचना करावीशी वाटते. कनेक्शन उशिरात उशिरा घ्यावे, लवकरात लवकर परत करावे आणि माणसाची वाट पाहताना ते हातात धरून ठेवू नये, एवढा नियम विद्यार्थ्यांच्या हाडीमाशी भिनला, तर अध्यापकांना येणारी बरीचशी बोलावणी टळतील.