मागच्या बाकावर कोण बसणार?

शिकवणाऱ्यांची शाळा : भाग ६

प्राथमिक शाळेत शिकवायचं तर डी.एल.एड. (पूर्वीचं डी.एड.) लागतं, हायस्कूलसाठी बी.एड. लागतं. विज्ञान महाविद्यालयात मात्र नेट-सेट किंवा पीएचडी चालते, इंजिनिअरिंगला एम.ई. किंवा एम.टेक. पुरतं. नेटच्या पहिल्या पेपरात अध्यापनावर काही प्रश्न असतात, पण तेही पर्याय निवडायचे. प्रशिक्षणं होतात ती नोकरी लागल्यावर. तोवर शिकवायला शिकण्याची जागा एकच उरते : एम.टेक. किंवा पीएचडी करताना वाट्याला आलेलं ट्यूटोरियल आणि प्रॅक्टिकल.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएचडी नियमांनी ही जागा अधिकृत केली. संशोधक विद्यार्थ्याने आपल्या विषयाच्या अध्यापनाचं प्रशिक्षण घ्यावं, असं ते नियम सांगतात. ट्यूटोरियल, प्रयोगशाळा आणि तपासणीसाठी त्याला आठवड्याला ४ ते ६ तासांचं काम देता येतं. प्रश्न आहे तो या तासांत तो नेमकं काय शिकतो, हा. बहुतेक ठिकाणी तो जर्नलवर सह्या करायला आणि फळ्यावर गणित सोडवून दाखवायला शिकतो. विद्यार्थ्याचं चुकलेलं उत्तर ऐकायला त्याला कोणी शिकवत नाही, आणि माझ्या मते सगळं त्यातच आहे.

मुंबईतल्या लोअर परळचं उदाहरण घेऊ. गिरण्यांच्या जागी इथे टॉवर उभे राहिले आणि आता हजारो माणसं रोज लिफ्टने कामावर चढतात. समजा, एक लिफ्ट एकसारख्या वेगाने वर चालली आहे. प्रतिभार आणि घर्षण बाजूला ठेवू. दोरातला ताण लिफ्टच्या वजनापेक्षा जास्त, कमी, की तेवढाच? पहिल्या वर्षाच्या वर्गात विचारून पाहा. अनेक जण ‘जास्त’ म्हणतील, कारण नाहीतर ती वर जाईल कशी? अगदी हाच प्रश्न डेव्हिड हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या बलविषयक चाचणीत आहे. न्यूटनचे नियम पाठ असलेली मुलंही त्यात अडखळतात.

नवखा टीए (टीचिंग असिस्टंट, म्हणजे ट्यूटोरियल किंवा प्रॅक्टिकल घेणारा विद्यार्थी) इथे म्हणतो, ‘चूक. त्वरण शून्य, म्हणून निव्वळ बल शून्य, म्हणून ताण वजनाइतकाच.’ विद्यार्थी ते उतरवून घेतो आणि मनात ‘जास्त’च ठेवतो. तयारीचा टीए आधी कारण विचारतो. मग म्हणतो : थांबलेल्या लिफ्टच्या दोरात ताण किती? वजनाइतका. सुटताना? जास्त. सुटताना तळपायांना जडपणा जाणवतो ना? मग मधल्या मजल्यांवर तो जाणवतो का? इथे विद्यार्थी थबकतो. जडपणा वेग वाढताना होता, नुसतं वर जाताना नव्हता, हे त्याचं त्यालाच सुचतं. हे संवाद आपोआप येत नाहीत. कुठल्या प्रश्नावर मुलं कुठे घसरतात, ते आधी माहीत असावं लागतं, आणि सराव लागतो.

मोठ्या वर्गातही हे जमतं. आयआयटी मुंबईत संगणकशास्त्राच्या पहिल्या अभ्यासक्रमात प्रत्येकाने आधी एकट्याने विचार करायचा, मग शेजाऱ्याशी बोलायचं, मग वर्गापुढे मांडायचं, अशी पद्धत वापरून पाहिली गेली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात विद्यार्थ्यांचा सहभाग ८३ टक्के टिकून राहिल्याचं दिसलं.

मुलं कुठे अडतात हे शोधण्याच्या कामाची मुंबईला जुनी ओळख आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले काही शास्त्रज्ञ डॉ. भालचंद्र उदगावकरांच्या प्रेरणेने महापालिकेच्या शाळांतल्या विज्ञानशिक्षणाकडे वळले. त्यातूनच १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र उभं राहिलं. प्रा. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे भाषेचा अडसर तपासला. पुस्तकाची भाषा सोपी केली की मुलांची विज्ञानाची समज वाढते, हे त्यांनी दाखवलं. मराठी माध्यमातून इंजिनिअरिंगला आलेला मुलगा गप्प बसतो, तेव्हा त्याला विषय कळला नाही की इंग्रजी वाक्य जुळवता आलं नाही, हे टीएला ओळखता यायला हवं. ‘मराठीत सांग,’ एवढं म्हटल्याने पुष्कळदा कोंडी फुटते. असं म्हणायला मनाई नाही, हे नव्या टीएला कोणीतरी आवर्जून सांगायला हवं.

म्हणूनच माझा आग्रह आहे, की प्रत्येक टीएच्या वर्गात सत्रातून निदान दोनदा त्याचा गाइड किंवा एखादा अनुभवी सहकारी मागच्या बाकावर बसावा. गुण देण्यासाठी अजिबात नको. त्याने एवढंच टिपावं : किती मुलं बोलली, चुकलेल्या उत्तरानंतर टीए किती वेळ थांबला, पुढचा प्रश्न कोणता विचारला. नंतर चहा घेताना अर्धा तास त्यावर बोलावं. गाइडने आपल्या पहिल्या वर्षाच्या वर्गात टीएलाही असंच बसवावं. शोधनिबंधाचा मसुदा गाइड चार वेळा वाचतो आणि प्रत्येक ओळीवर खुणा करतो. वर्गासाठीही तेवढाच वेळ काढायला हवा.

प्रॅक्टिकलच्या जर्नलमधल्या खोडलेल्या रीडिंगचं काय करायचं, ते पुढच्या आठवड्यात पाहू.