ज्वारीचे नाव आणि बीजसंग्रहातील नोंद

किल्लारीच्या काळ्या रानातील मूठभर ज्वारी बीजसंग्रहात दाखल झाली, तर तिला निदान तीन नावे मिळतील : ‘सॉर्गम बायकलर’ हे शास्त्रीय नाव, ‘मालदांडी’ वा ‘दगडी’ यांसारखे लोकनाम आणि संग्रहाने दिलेला क्रमांक. ही एकाच वस्तूची पर्यायी नावे आहेत असे वाटते. वस्तुतः तिन्हींचे वाच्य निराळे आहे.

शास्त्रीय नाव जातीचा निर्देश करते, आणि ते मतानुसार बदलते. स्नोडेन यांनी १९३६ मध्ये लागवडीखालील ज्वारीच्या ३१ जाती मानल्या. १९७२ मध्ये हार्लन व द वेट यांनी त्या सर्व एकाच जातीत घालून कणिशकाच्या आकारावरून ५ मूळ वंश व १० संमिश्र वंश कल्पिले. धान्य तेच राहिले, नाव मात्र पालटले. क्रमांक असा पालटत नाही. तो त्या एका नमुन्याचाच असतो.

खरी अडचण लोकनामाची होय. ‘शाळू’ या नावाने मुख्यतः हंगाम कळतो, ‘गुळभेंडी’ म्हणताच हुरडा आठवतो, ‘दगडी’ या शब्दाने कठीणपणा सुचतो. म्हणजे ही नावे एका निकषावर बेतलेली नाहीत. ‘मालदांडी’ हे मुळात स्थानिक वाणाचे नाव. त्यातून मोहोळच्या केंद्रात ‘एम ३५-१’ हा वाण निवडला गेला, आणि बाजारात तर ‘मालदांडी’ ही धान्याची प्रतच होऊन बसली आहे. यांपैकी कोणता अर्थ नोंदीत अभिप्रेत आहे? त्यात रोमन लिपीत द-ड आणि ल-ळ यांतील भेद सहसा लोपतो. लोकनाम देवनागरीत, सांगणाऱ्याच्या उच्चारासह, टिपून ठेवणे हा त्यावरील साधा उपाय आहे. तो क्वचितच योजला जातो.

स्थलनामही वाटते तितके स्थिर नाही. किल्लारी १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यात होते, त्यानंतर लातूर जिल्ह्यात आले. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर, ऐन शाळूच्या पेरणीच्या दिवसांत, गावठाण उद्ध्वस्त झाले व पुढे गाव नव्या जागी वसविण्यात आले; शेते अर्थातच जागेवरच राहिली. तेव्हा एका नोंदीत ‘किल्लारी, उस्मानाबाद’ व दुसरीत ‘किल्लारी, लातूर’ असे आढळल्यास संगणक ती दोन गावे समजू शकेल, आणि दोन्हींत ‘किल्लारी, लातूर’ असल्यास जुने व नवे गावठाण एकच मानील. नमुना शेतातून घेतला की घरातील बियाण्यातून, हे अक्षांश-रेखांशांसह त्याच वेळी टिपले गेले नसेल, तर जुन्या गावात साठविलेले बी कोणत्या शिवारातले होते हे आता विचारावयाचे कोणाला?