ताप उतरला, तरी तपासणी हवीच!

दोस्तांनो, मरोळला आरे कॉलनीच्या बाजूला दिवेलागणीला कधी वर पाहिलंय? किडे खाणारी छोटी वटवाघळे भिरभिरत असतात. अंधारात ती कुठे आपटत कशी नाहीत? ती बारीक चीत्कार करतात. तो समोरच्या वस्तूवर आदळून परत येतो आणि फांदी कुठे, किडा कुठे, हे त्यांना कळते. हा आवाज इतक्या उंच पट्टीतला, की आपल्याला ऐकूच येत नाही!

डॉक्टरही हीच युक्ती वापरतात, बरं का. तिचे नाव टू-डी इको. छातीवर गार जेली लावून एक छोटे यंत्र फिरवायचे. त्यातून निघालेला आवाज हृदयावर आदळून परततो आणि पडद्यावर धडधडणारे हृदय दिसू लागते. ना सुई, ना क्ष-किरण!

एका दुर्मीळ आजारात तर या तपासणीवाचून चालतच नाही. जपानचे बालरोगतज्ज्ञ डॉ. तोमिसाकू कावासाकी यांनी १९६१ मध्ये असा पहिला रुग्ण पाहिला. १९६७ मध्ये त्यांनी ५० मुलांची माहिती प्रसिद्ध केली. तेव्हापासून हा कावासाकी आजार. तो बहुतेक पाच वर्षांखालच्या मुलांना होतो. पाच दिवस वा जास्त ताप, लाल डोळे, फुटलेले ओठ, स्ट्रॉबेरीसारखी लाल जीभ, अंगावर पुरळ, सुजलेले हातपाय, मानेत गाठ, ही त्याची लक्षणे. सगळी एकदम दिसतीलच असे नाही.

खरा धोका मात्र आत लपलेला असतो. या आजारात शरीरभरच्या रक्तवाहिन्यांना सूज येते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या लहान मुलात जेमतेम दोन मिलिमीटर रुंद. त्यांना फुगवटा आला, तर आत रक्ताची गुठळी होऊ शकते. उपचार न झाल्यास साधारण चारांतल्या एका मुलाच्या धमन्यांना इजा होते. पहिल्या दहा दिवसांत इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून दिले, तर हा धोका खूपच घटतो.

इकोमध्ये डॉक्टर या धमन्यांची रुंदी मोजतात आणि मुलाच्या वजन-उंचीशी ताडून पाहतात. कारण मोठ्या मुलाला जी रुंदी साधी, तीच तान्ह्याला धोक्याची!

२०२० मध्ये मरोळचे सेव्हन हिल्स रुग्णालय महापालिकेने कोरोनाच्या रुग्णांसाठी वापरले. त्याच वर्षी कोरोना होऊन गेल्यावर काही आठवड्यांनी थोड्या मुलांना याच्याशी मिळताजुळता आजार होऊ लागला. परळच्या वाडिया रुग्णालयातही अशी मुले आली. त्यांचेही हृदय इकोनेच तपासावे लागले. डॉ. कावासाकी त्याच वर्षी जूनमध्ये वारले.

आईबाबांनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. ताप उतरतो, बोटांची साले निघतात, मूल खेळू लागते. ‘आता कशाला पुन्हा दवाखाना?’ असे वाटते. पण फुगवटा नंतरही दिसू शकतो. म्हणून एक-दोन आठवड्यांनी आणि पुन्हा चार ते सहा आठवड्यांनी इको करतात. ती तारीख चुकवू नका.

आणि दोस्तांनो, धाकट्या भावंडाचा इको असेल तर सोबत जा. त्याला सांगा, ‘घाबरू नकोस, हे यंत्र वटवाघळासारखं आहे!’