तहानलेल्या हवेची करामत

मे महिना, अकोला, दुपारचे दोन. बाहेर पारा 44 अंशांवर. डोक्याला दुपट्टा गुंडाळून आलेला माणूस ऑफिसच्या दारात क्षणभर थांबतो, डोळे मिटतो आणि 'हाऽऽ' करतो. खिडकीत एक पत्र्याचा डबा घरघरतोय. टेबलावरचा प्रत्येक कागद पेपरवेटखाली दाबलेला, तरी त्याचे कोपरे फडफडतायत. वऱ्हाडात उन्हाळ्यात डोकं शांत ठेवून काम होतं, ते बरंचसं या डब्याच्या जिवावर.

डब्यात आहे तरी काय? एक पंखा, पाण्याची छोटी मोटर आणि तीन बाजूंना गवताच्या ओल्या ताट्या. बर्फ नाही, गॅस नाही. तरी बाहेरची 44 अंशांची हवा ताटीतून आत येताना 28 अंशांच्या आसपास उतरते! गंमत अशी की हे काम पाण्याचा गारवा करत नाही. टाकीतलं पाणी कोमट असलं तरी चालतं. काम होतं ते पाणी उडून जाण्यानं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण 2400 किलोज्यूल उष्णता लागते. तेवढ्यात 30 अंशांवरचं आठ लिटर पाणी उकळीला आलं असतं. ही सगळी उष्णता पाणी आत येणाऱ्या हवेकडूनच वसूल करतं. माठाचं तेच, घामाचंही तेच.

आणि हे इतकं जमतं, कारण आपली हवा तहानलेली असते. मे महिन्यातल्या दुपारी तिच्यातली आर्द्रता 15 टक्क्यांपर्यंत घसरते. ज्या कोरडेपणानं ओठ फुटतात, तोच ताटीतलं पाणी घटाघटा पितो. मुंबईकर पाहुण्याला हे पटवून देणं अवघड, कारण त्याच्याकडे हाच डबा नुसता ओला पंखा ठरतो.

आमच्या ऑफिसात दर उन्हाळ्यात एक भांडण ठरलेलं. मी समोरची खिडकी उघडतो आणि मागून आवाज येतो, "काहून उघडली भाऊ? सारी थंडी बाहेर चालली ना!" बाहेर जायलाच हवी. कूलरनं आणलेली हवा पाणी पिऊन आलेली असते. ती कोंडली तर तासाभरात खोली दमट होते, कागद मऊ पडतात, शर्ट पाठीला चिकटतो आणि माणसं एकमेकांवर खेकसू लागतात. तरी मी अजून एकदाही हे भांडण जिंकलेलो नाही.

पूर्वी कचेऱ्यांच्या दारांना वाळ्याच्या ताट्या लावत आणि त्यांवर पाणी शिंपडायला माणूस ठेवत. साहेबाच्या गारव्यासाठी तो मात्र उन्हात. आता त्याची जागा मोटरनं घेतली, हे बरंच झालं.

पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात ताट्यांची आणखी एक कथा. पाणी उडून जातं, क्षार मागे उरतात. महिनाभरात ताटीवर पांढरी खरपुडी चढते, बोटानं दाबली की कुरकुरते. भोकं बुजतात, हवा अडते, घरघर वाढते. म्हणून जाणती माणसं टाकीत नुसती भर घालत नाहीत, अधूनमधून सगळं पाणी ओतून टाकतात.

मग जूनमध्ये एका संध्याकाळी आभाळ फुटतं. दुसऱ्या दिवशी तोच कूलर, तेच पाणी, त्याच ताट्या, पण गारवा नाही. रात्रभरात हवा पोटभर प्यालेली असते. कोणीतरी उठून मोटरचं बटण बंद करतं, पंखा तेवढा चालू ठेवतं, आणि या वेळी खिडकी उघडताना मागून आवाज येत नाही.